पोटाचा इतिहास : वसईचा भात, फिरंग्यांचा पाव आणि ग्लुटेनमुक्त ताट

१/
विरारच्या एखाद्या घरात हल्ली हमखास दिसणारे दृश्य. कुणीतरी पोटाच्या तक्रारींना कंटाळून गहू सोडतो. पोळी गेली, पाव गेला, बिस्किटे गेली. पहिले काही दिवस हलके वाटते. तिसऱ्या आठवड्यात मात्र पोट फुगते, शौचाला साफ होत नाही, दूध पचेनासे होते. दोषी धान्य तर हद्दपार झाले, मग आता हे कोण छळते आहे? या प्रश्नाच्या उत्तरात सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्याची एक शाखा थेट वसईच्या किल्ल्यापर्यंत जाते. #थ्रेड

२/
आधी ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले की पांढरे पिठूळ पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हा चिवटपणा म्हणजेच ग्लुटेन. पोळी न फाटता लाटली जाते आणि पाव फुगतो, तो याच्या बळावर. गहू, जव आणि राय या धान्यांतील अशी प्रथिने काहींच्या आतड्याला बाधतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांत ती नसतात.

३/
म्हणजे वसईचे मूळ ताट जवळजवळ ग्लुटेनमुक्तच होते. सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला. बंदरातून जगभरचा माल ये-जा करी, पण आसपासची जमीन खाडीकाठची आणि खाजणाची, पाऊस धो धो. असे हवामान भाताचे. रोजच्या पानात भात, तांदळाची भाकरी, मासळी आणि डोंगराकडे नाचणी-वरी.

४/
मग गहू रोजच्या जीवनात शिरला कसा? व्यापारातून तो येतच होता, परंतु त्याला मानाचे स्थान मिळाले ते एका तहानंतर. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, येथे पोर्तुगीज सत्ता होती. सत्तेबरोबर चर्च आले, आणि चर्चला गहू हवाच होता.

५/
हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. मिस्सेतील ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच असली पाहिजे, असे १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने स्पष्टपणे नोंदवले होते. भाकर आंबवलेली की बिनआंबवलेली, यावर पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चमध्ये वाद होता, गव्हाबद्दल नव्हता. तांदळाच्या मुलखात जाणाऱ्या प्रत्येक पाद्र्याच्या मागोमाग गव्हाचे पीठ जाणे त्यामुळे अपरिहार्य झाले.

६/
वेदीवरून गहू पुढे बाजारात उतरला. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतला. यीस्ट मिळत नसलेल्या काळी किनाऱ्यावर पीठ आंबवायला ताडी-माडी कामी आली. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचे फुगे आजही सणासुदीला तळले जातात, ते मैद्याचे. परंतु त्याच स्वयंपाकघरात तांदळाचे चिताप आणि सांदणही टिकून राहिले. एकाच चुलीवर दोन धान्यपरंपरा नांदल्या.

७/
पावाचा धसका मात्र मोठा होता. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारे 'बाटले', ही आख्यायिका किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. धर्मांतराचा इतिहास तिच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. पण या कथेतून एक गोष्ट कळते. धान्य म्हणजे नुसते अन्न नव्हे, ती ओळख होती. कोण काय खातो, यावरून तो कोणाचा, हे ठरे. आहार बदलणे आजही इतके अवघड का जाते, याचे एक कारण येथे सापडते.

८/
आता थोडे दूर जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कप्पादोकियाचा अरेतिअस हा ग्रीक वैद्य होऊन गेला. अन्न पोटात टिकत नाही, न पचताच बाहेर पडते आणि रोगी खंगत जातो, अशा एका जुनाट विकाराचे वर्णन त्याने केले. पोटाला ग्रीक शब्द 'कोइलिया'. त्यावरून या विकाराला 'कोइलियाकोस' म्हटले गेले. आजचे 'सिलिअ‍ॅक' हे नाव त्याच शब्दाचे वंशज.

९/
नंतरचा मोठा टप्पा लंडनमधला. ऑक्टोबर १८८७ मध्ये डॉ. सॅम्युअल जी यांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात या विकारावर व्याख्यान दिले. ते १८८८ मध्ये छापले गेले. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांचे अनुमान अचूक होते. मात्र तपशिलात त्यांचा नेम पूर्ण चुकला. त्यांनी तांदूळ आणि साबुदाणा वर्ज्य ठरवले, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पाव चालेल असे सांगितले!

१०/
त्यांच्याच लेखातला एक प्रसंग मननीय आहे. एका मुलाला रोज भरपूर डच शिंपले खायला दिले, आणि तो विलक्षण सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला, तसा आजार उलटला. पुढच्या हंगामात मुलाने शिंपल्यांना तोंड लावायलाच नकार दिला. शिंपल्यांत जादू नव्हती. पोट शिंपल्यांनी भरल्यामुळे पाव कमी खाल्ला गेला असावा, असा अर्थ आज लावता येतो. कशाने बरे वाटले यापेक्षा काय सुटल्याने बरे वाटले, हे ओळखणे नेहमीच कठीण असते.

११/
जी यांच्या लेखात हिंदुस्थानचाही उल्लेख आहे. हिंदुस्थानातून परतणारे काही इंग्रज हाच विकार घेऊन येतात, असे त्यांनी नोंदवले. आज पाहता, त्यातील बऱ्याच जणांना 'स्प्रू' हा उष्ण कटिबंधातील वेगळा विकार झाला असावा. त्याचे वर्णन विल्यम हिलरी यांनी १७५९ मध्ये बार्बाडोसमधून आणि पॅट्रिक मॅन्सन यांनी १८८० मध्ये चीनमधून केले होते. लक्षणे सारखी, कारणे निराळी. पोटाच्या इतिहासातला हा सर्वांत जुना घोटाळा आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

१२/
१९२४. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी दहा बालरुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ मुलांना पाव, बिस्किटे, बटाटे आणि धान्ये बंद करून मुख्यतः केळ्यांवर ठेवले, ती सुधारली. ज्यांना हा आहार मिळाला नाही, ती दोन मुले दगावली. वसईच्या वाचकाला येथे आपल्या वाड्या आठवल्यावाचून राहणार नाहीत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली आगाशी-वसईची सुकेळी म्हणजे पोटभरीचा, टिकाऊ आणि ग्लुटेनमुक्त खाऊ. अर्थात ती औषध म्हणून कुणी केली नव्हती.

१३/
हास यांच्या यशातच एक सापळा होता. श्रेय केळ्याला मिळाले. केळ्याने रोग बरा होतो असे मानले, की बरे झालेल्या मुलाला पुन्हा पाव देण्यात काही वावगे वाटत नाही. तसेच होत गेले. उपाय लागू पडला, पण त्याचे कारण चुकीचे समजले गेले, आणि अनेक मुलांच्या आतड्यांची झीज पुन्हा सुरू झाली. खरा गुन्हेगार अजून मोकळाच होता.

१४/
त्याला पकडले ते नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. हेगमधील मुलांच्या रुग्णालयातले हे बालरोगतज्ज्ञ १९३० च्या दशकाच्या मध्यापासूनच गहू वगळून पाहत होते. १९४१ मध्ये त्यांनी त्यावर डच भाषेत लिहिलेही. म्हणजे 'दुष्काळात अचानक शोध लागला' ही लोकप्रिय गोष्ट अर्धीच खरी आहे. शंका आधीपासून होती. भयंकर साक्ष नंतर मिळाली.

१५/
सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मन सत्तेने पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारे अन्न अडवले. त्या 'भुकेच्या हिवाळ्या'त माणसे ट्युलिपचे कंद उकडून खात होती आणि हजारो भुकेने मेली. पाव जवळपास नाहीसा झाला. अशा काळात डिके यांचे सिलिअ‍ॅकग्रस्त बालरुग्ण मात्र सुधारू लागले. मदतीचा पाव पुन्हा मिळू लागताच तीच मुले पुन्हा आजारी पडली.

१६/
डिके यांनी १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. रसायनतज्ज्ञ यान व्हान डे कामर यांनी मलातील न पचलेली चरबी मोजण्याची पद्धत दिली होती. गहू दिला की ती वाढते, काढला की घटते, हे आकड्यांत दिसले. १९५२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी गव्हाचे भाग वेगळे करून दोष ग्लुटेनकडे बोट दाखवतो हे दाखवले. १९५६ मध्ये मार्गो शायनर यांनी नळीवाटे लहान आतड्याचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि झीज डोळ्यांनी पाहता आली.

१७/
याच दशकात आपल्या किनाऱ्यावर नेमके उलटे नाट्य घडत होते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग आले. भातावर वाढलेल्या माणसाच्या पिशवीत आता मिळेल ते धान्य पडू लागले. बंगालच्या दुष्काळात तर उत्तरेकडून आलेली बाजरी भातखाऊ, उपाशी पोटांना सोसली नाही, आणि जुलाबांच्या तक्रारी झाल्या. बाजरीत ग्लुटेन नसते, हे येथे विशेष लक्षात ठेवायचे.

१८/
महाराष्ट्राच्या स्मरणात असाच एक शब्द आहे : मिलो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ही परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी नीट होत नसे, चव लागत नसे, आणि पोटे बिघडल्याच्या आठवणी त्या पिढीकडून आजही ऐकू येतात. मिलोतही ग्लुटेन नव्हते. म्हणजे पोटाची तक्रार केवळ 'वाईट' धान्यामुळे होते असे नाही. अचानक झालेल्या बदलाचीही ती असते. आतड्यातील सूक्ष्मजीवांना आणि पचनाच्या सवयीला जुळवून घ्यायला अवधी लागतो.

१९/
भारतात सिलिअ‍ॅक किती जणांना? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत उत्तर भारतात प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. गव्हाचा रोजचा सरासरी आहार अनुक्रमे ४५५, ३७ आणि २५ ग्रॅम होता. ईशान्येत गहू इतका कमी असूनही प्रमाण बरेच आहे. एकट्या गव्हाने कोडे सुटत नाही, आनुवंशिकताही लागते.

२०/
वसई-विरार आज केवळ भातखाऊंचे राहिलेले नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आहेत. गव्हाच्या मुलखातून आलेला शेजारी आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेला मूळचा वसईकर एकाच इमारतीत राहतात, आणि दोघेही सकाळी एकाच पाववाल्याची वाट पाहतात. 'गहू सोड, पोट बरे होईल' हा सल्लाही दोघांना सारखाच मिळतो.

२१/
आता पहिल्या प्रश्नाकडे. गहू सोडल्यावरही पोट का छळते? पहिले कारण : चोथा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर तितक्याच पॉलिश तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. चार पोळ्यांची जागा पांढऱ्या तांदळाने घेतली, की रोजचे सात-आठ ग्रॅम तंतू गुपचूप नाहीसे होतात. साबुदाणा, बटाटा आणि बाजारू 'ग्लुटेनमुक्त' बिस्किटे ही तूट भरत नाहीत. बद्धकोष्ठ होणारच.

२२/
यावरचा उपायही पालघर जिल्ह्याच्या मातीत आहे. हातसडीचा तांदूळ, आणि नाचणी, जिच्यात १०० ग्रॅममागे पुन्हा सुमारे ११ ग्रॅम तंतू आहेत. मात्र मिलोचा धडा विसरू नये. आज भात आणि उद्यापासून तिन्ही त्रिकाळ नाचणी, असे केले की वायू आणि फुगारा ठरलेला. आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे, सोबत पाणीही वाढवायचे.

२३/
दुसरे कारण : दूध. सिलिअ‍ॅकमध्ये आतड्याच्या आतील मखमली अस्तर झिजते. दुधातील साखर पचवणारे विकर याच अस्तराच्या टोकाशी तयार होते. त्यामुळे गहू सोडल्यावरही काही काळ दूध बाधते. अस्तर भरून आले की अनेकांना ते पुन्हा सोसते. लक्षणे आठवड्यांत कमी होऊ शकतात, पण अस्तर भरायला महिने लागतात. प्रौढांत कधी कधी दोन वर्षांहूनही अधिक.

२४/
तिसरे कारण : लपलेला गहू. येथे मराठी स्वयंपाकघराची सर्वांत मोठी गंमत आहे. पोट फुगले की आजी हिंग देते. पण शुद्ध हिंग अतिशय उग्र असल्याने डबीतला बांधणी हिंग डिंक आणि पीठ मिसळून बनतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. वायूवरचे औषधच काहींना बाधक! डबीवरचे घटक वाचणे किंवा तांदळाच्या पिठातला हिंग शोधणे, हाच मार्ग.

२५/
लपण्याची दुसरी जागा म्हणजे नाक्यावरची पिठाची गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळले, त्याच जात्यातून लगेच ज्वारी किंवा तांदूळ निघाले, की गव्हाचे पीठ सोबत येते. भारतातील नियमांप्रमाणे 'ग्लुटेनमुक्त' म्हणवण्यासाठी मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. गिरणीतली चिमूटभर कणीक ती सहज ओलांडते. घरी धुऊन-वाळवून वेगळे दळणे हा जुना खटाटोप येथे कामाला येतो.

२६/
चौथे कारण : आरोपीच चुकीचा. गव्हात ग्लुटेनखेरीज 'फ्रक्टान' नावाची साखळी-साखर असते. २०१८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी, सिलिअ‍ॅक नसलेल्या पण ग्लुटेन बाधते असे मानणाऱ्या ५९ जणांना, काय दिले ते न सांगता दोन्ही घटक खाऊ घातले. अधिक त्रास फ्रक्टानने झाला. हेच फ्रक्टान कांद्यात आणि लसणातही असते. पोळी सोडून कांदा-लसणाचे वाटण चालू ठेवणाऱ्याचे पोट का फुगते, हे यावरून उमजते. शिंपले आणि केळ्यांची चूक नव्या रूपात पुन्हा घडते.

२७/
म्हणूनच क्रम महत्त्वाचा. सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी आणि आतड्याची तपासणी गहू खात असतानाच विश्वसनीय ठरते. आधी गहू सोडला, मग चाचणी केली, तर रोग असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. मग माणूस 'मला काही नाही' म्हणून पुन्हा पावाकडे वळतो, नेमका हास यांच्या रुग्णांसारखा. सिलिअ‍ॅक हा आयुष्यभराचा विकार आहे. त्यात पंडुरोग, हाडांची झीज, मुलांची खुंटलेली वाढ संभवते. वजन घटणे, मलात रक्त, सततचे जुलाब दिसल्यास घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टर गाठणे हेच शहाणपण.

२८/
आणि ती वेदीवरची भाकर? १४३९ चा नियम अजून जिवंत आहे. २००३ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की अत्यल्प ग्लुटेनची भाकर चालेल, पूर्ण ग्लुटेनमुक्त चालणार नाही. ज्याला तीही सोसत नाही, त्याने केवळ द्राक्षरसाच्या रूपाने प्रसाद घ्यावा. २०१७ मध्ये हेच पुन्हा सांगण्यात आले. १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झालेल्या वसईत सिलिअ‍ॅक असलेल्या भाविकापुढे पोर्तुगीज जहाजांबरोबर आलेला तोच प्रश्न आज उभा असतो. फरक एवढाच, की पूर्वी गहू मिळवायचा होता, आता टाळायचा आहे.

२९/
या साऱ्यातून एक सूत्र हाती लागते. जी यांना आहार दिसला पण धान्य दिसले नाही. हास यांना गुण दिसला पण कारण दिसले नाही. डिके यांनी शंका धरली, वर्षानुवर्षे वाट पाहिली, मोजले, आणि मगच बोलले. पोटाच्या बाबतीत उतावीळपणा इतिहासाने कधीच माफ केलेला नाही.

३०/
वसईच्या ताटात आज भात आहे, पाव आहे, सुकेळी आहेत आणि नाचणीही आहे. यांतले एकही धान्य मुळात शत्रू नाही आणि एकही रामबाण नाही. कुणाच्या आतड्याला गहू खरोखर विष असतो, तेव्हा तो कायमचा सोडावा लागतो. परंतु सोडलेल्या घासाची जागा कशाने भरायची, हा विचार केल्याखेरीज ते ताट पुरे होत नाही. विरारच्या त्या घरात तिसऱ्या आठवड्यात बिघडलेले पोट एवढेच सांगत होते.

(थ्रेड समाप्त)